कानबाईची गोळी

श्रावण लागला की माझ्या उपकेंद्रातल्या गर्भनिरोधक गोळ्या संपायच्या. बाहेरच्या माणसाला वाटेल, श्रावणात या गावाला कुटुंब नियोजनाची भारीच जाग येते. तालुक्याच्या साहेबांनाही तसंच वाटायचं. मीटिंगमध्ये माझ्याकडे बोट दाखवून ते बाकीच्या नर्सेसना म्हणायचे, "यांच्याकडून शिका जरा." मी मान खाली घालून बसायचे. कारण त्या गोळ्या कुटुंबासाठी जातच नव्हत्या. त्या देवीसाठी जात होत्या.

मी आरोग्यसेविका होते. सगळी नोकरी नंदुरबार जिल्ह्यात झाली. आधी वर डोंगरात मोलगीच्या बाजूला, मग खाली तापीकाठच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथेच आहेत आणि मला तिथे चहाला जायचं असतं. आता नंदुरबारला राहते. मिरच्या वाळत घालायच्या पथारीवरून वारा सुटला की दारं लावून शिंकत बसते आणि जुनं आठवते. लोक विचारतात, इतकी बाळंतपणं केली, त्यातलं सगळ्यात घाबरवणारं कुठलं? मी म्हणते, जे झालंच नाही ते.

आधी गोळीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पाकिटात पांढऱ्या गोळ्यांच्या तीन ओळी असतात आणि शेवटी एक ओळ लालसर गोळ्यांची. पांढऱ्या गोळीने दिवस राहत नाहीत. लाल गोळी नुसती लोहाची. ती सुरू असताना पाळी येते, कारण तेव्हा पांढरी बंद असते. पण बायकांनी याचा अर्थ उलटा लावला. लाल गोळी खाल्ली म्हणून लाल येतं! मग त्या लाल ओळ कात्रीने कापून टाकत आणि लगेच दुसऱ्या पाकिटातली पांढरी सुरू करत. पाळी येतच नसे. अंदाज चुकीचा, पण उपाय बरोबर. कापलेल्या लाल गोळ्या तुळशीला घालत. त्या गावातल्या तुळशींची तब्येत गावातल्या बायकांपेक्षा चांगली होती.

या गोळीने मला नोकरीभर धक्केच दिले. मोलगीला असताना एक बाई दरवर्षी दिवाळीनंतर नेमाने गोळ्या मागायला यायची. मी खूश. वाटलं, चला, एकीला तरी पटलं. एकदा विचारलं, तर म्हणाली, आम्ही गुजरातेत ऊसतोडीला जातो. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळी आली तर काम होत नाही, आणि काम जोडीचं, मग नवऱ्याचाही खाडा धरतात. म्हणून ती बंद ठेवायची. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की या गोळीने बाई मोकळी होते. ही बाई तर गोळी खाऊन स्वतःला कोयत्याला जास्त घट्ट बांधून घेत होती. मी तिला पाकिटं दिली.

दुसरा धक्का खाली गावात. एक तरुण शेतकरी पाकिटं न्यायला येऊ लागला. पुरुष स्वतः येतो, न लाजता मागतो! मी त्याचं कौतुक करायला बायकोला भेटायला गेले, तर ती सातव्या महिन्याची गरोदर. "अरे, मग गोळ्या कुठे जातात?" तो म्हणाला, "ताई, पपईले टाकस ना! फूल गळनं थांबस." बांधावर पाण्याच्या टाकीत माझ्या सरकारी गोळ्या विरघळत होत्या. मी डोक्यावर हात मारून घेतला.

पण या दोन्ही गोष्टी पुढच्या गोष्टीपुढे काहीच नाहीत.

खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी करतात, चौरंगावर मांडतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. रविवारी रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे, त्याचं पुरण-पोळीचं जेवण करायचं आणि ते फक्त भाऊबंदकीने खायचं. बाहेरच्याला कणही देत नाहीत. या गव्हाला सोवळं फार. रांधता रांधता घरातल्या सुनेला पाळी आली, तर सासवांची पाचावर धारण बसते. म्हणून श्रावणात गोळी. तिचं गावातलं नावच मुळी कानबाईची गोळी. सूनबाईंच्या बैठका घेऊन मी ओरडून सांगत असे की ही मूल न होण्याची गोळी आहे. पण बैठकीला सासवा येत नसत. त्यांच्या लेखी कुटुंब नियोजन म्हणजे ऑपरेशन आणि तांबी. गोळी देवाची.

केशरबाईंचं घर मळ्यातलं. केळी, ऊस, दारात ट्रॅक्टर. केशरबाई म्हणजे खणखणीत बाई. नवरा गेलेला, दोन मुलगे, दोघेही आईला विचारल्याशिवाय मोटार चालू करत नसत. थोरली सून सुरेखा. तिला दोन मुली. दुसऱ्या वेळी वार अडकली आणि इतका रक्तस्राव झाला की ॲम्ब्युलन्समध्ये तिचा हात माझ्या हातात गार पडत गेला होता. सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला पुन्हा दिवस राहू देऊ नका. परत अशी वेळ आली, तर वाचेलच असं नाही."

हे मी केशरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डाक्टर तं सांगतंच ऱ्हास. एक आंडोर व्हवू दे, मंग करा तुमनं आपरेशन." आंडोर म्हणजे मुलगा. सुरेखाच्या नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "आईले इचारीसन सांगस." मी सुरेखाला तांबी बसवली. केशरबाईंना कळलं आणि माझ्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी ती काढायला लावली. सुरेखा माझ्याकडे बघतही नव्हती. मला रडू फुटलं नाही, इतका राग आला होता.

त्यानंतरच्या श्रावणात सुरेखाने कमाल केली. कानबाईपुढे सगळ्या भाऊबंदकीच्या देखत ती नवस बोलली. मला मुलगा दे, मी वर्षभर तुझ्या देव्हाऱ्याची पूजा एक दिवसही चुकवणार नाही. वर्षभर एक दिवसही पूजा चुकवायची नाही, म्हणजे पाळी येऊन चालायचं नाही. आणि पाळी यायला नको, म्हणजे रोज गोळी!

केशरबाईंचा ऊर भरून आला. पोरगं व्हावं म्हणून सून एवढी कडक उपासना करते आहे. त्या स्वतः माझ्याकडे पाकिटं न्यायला येऊ लागल्या. कव्हर फेकून गोळ्यांचे पत्रे देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवत आणि रोज सकाळी पूजा झाली की तीर्थाबरोबर एक गोळी सुरेखाच्या तळहातावर. मला सुरेखाचा डाव कळला तेव्हा मी तोंडात बोट घातलं. जी बाई तांबी काढायला उभी राहिली होती, तीच आता रोज स्वतःच्या हाताने गोळी देत होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं, सलग घेतली तर चालेल ना. त्या हसू दाबत म्हणाल्या, "चालेल. तपासत राहा." मी पाकिटं देत राहिले आणि ताकास तूर लागू दिली नाही.

नवस फळला नाही, हे उघडच आहे. वर्ष संपल्यावर सुरेखाने तो आणखी वाढवला. गावात ती सगळ्यात धार्मिक सून म्हणून गाजली. कीर्तनाला आलेले महाराजसुद्धा तिचं नाव घेऊन गेले. मला वाटत होतं, आता सगळं सुरळीत झालं.

मग धाकट्याचं लग्न झालं. सून आली तळोद्याकडची, काजल. बारावी झालेली, हसरी, जरा भित्री; माझ्या बैठकीला मात्र केशरबाईंनी तिला कधी पाठवलं नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी घरात पाळणा नाही. गावात कुजबुज सुरू झाली. एक दिवस केशरबाई तिला घेऊन माझ्याकडे आल्या. काजलचा चेहरा पार उतरलेला.

"ताई, हाई पोर वांझ शे का, ते पाही सांग. शहादाना डाक्टर झाया, सुरतना झाया. फोटू काढा, रगत काढं. बठ्ठं बराबर शे म्हनतस. मंग पोर काबर व्हत नही?"

मी कागद पाहिले. खरंच सगळं व्यवस्थित होतं. सहज विचारलं, "पाळी कधी आली होती?"

काजल बोलण्याआधी केशरबाई म्हणाल्या, "पाळी कोठे येस तिले! ती तं नवस करी ऱ्हायनी. जेठानीनागत."

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. "म्हणजे?"

"म्हनजे काय! लगीन व्हयनं आनि पहिलीच कानबाई उनी, तव्हापासून तीबी गोळी लेस. मी सोता देस. तुमनी फुकटनी नही, शहादाना दुकाननी. नवी वहूले चांगली लागस."

दोन वर्षं ही बाई सुनेला एका हाताने गर्भनिरोधक गोळी भरवत होती आणि दुसऱ्या हाताने सुरतेच्या डॉक्टरांकडे ओढत नेत होती. मी कसंबसं विचारलं, "डॉक्टरांना सांगितलं का, गोळी चालू आहे म्हणून?"

"त्यास्नी इचारं, काही औसद चालू शे का. मी सांगं, नही. फक्त देवनं शे. पाळीनं इचारं तं सांगं, येस; नवसनं डाक्टरले काय सांगनं!"

काजल मान खाली घालून बसली होती. केशरबाई उठता उठता म्हणाल्या, "आते ही कानबाई उठी का तिना भाऊले बलाई लेसू. लई जाय म्हनो बहिनले. आम्हले दुसरी पोर पाहनी पडी." त्या काजलच्या देखतच असं बोलल्या. आणि रागाने नव्हे, पावसाचा अंदाज सांगावा तशा.

त्या काजलला घेऊन गेल्या. एक वाक्य बोलले असते तर काजल वाचली असती. पण त्याच वाक्याने सुरेखा उघडी पडली असती. तिच्या गोळ्या त्याच दिवशी बंद, आणि पुढच्या श्रावणापर्यंत पोटात मूल. मग तो गार पडत जाणारा हात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. एकदा वाटलं, काजलला एकटीला गाठून गुपचूप सांगावं. पण गोळी सासूच्या हातून, तिच्या डोळ्यांदेखत तीर्थाबरोबर गिळायची. ती लपवणार कशी? आणि भित्री पोर, नवऱ्याला सांगितल्याशिवाय राहणार नाही.

मी मुलींच्या लशीचं निमित्त करून सुरेखाला उपकेंद्रात बोलावलं. वाटलं होतं, ऐकून ती हादरेल. मी सगळं सांगितलं. ती धाकटीच्या झग्याची गुंडी लावत राहिली.

"सुरेखा, तुला माहीत होतं?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हाव."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. या पोरीसाठी मी तिच्या सासूशी, नवऱ्याशी भांडले होते. मग तिनेच सांगितलं, काजलने तिला विचारलंही होतं, ताई, ही गोळी कसली? आणि हिने सांगितलं होतं, कानबाईची आहे, चूपचाप घे.

"अगं, ती तुझ्या धाकट्या बहिणीसारखी! तिला घरातून काढताहेत, आणि तू..."

"ताई, मी बोलनू तं मी मरसू," सुरेखा म्हणाली. "मी नही बोलनू तं काजल माहेर जाई. पन जगी. मन्ही आंडेरी कोनकडे जातीन?"

आंडेरी म्हणजे मुली. तिचा राग यावा तर तिचं खरं होतं, आणि तिची दया यावी तर काजलचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेवटी मी कठोर झाले. म्हणाले, "रविवारी कानबाई बसते. तोवर तू सांग. नाही सांगितलंस, तर सोमवारी मी येऊन सांगणार. मग तुझ्या सासूला आवरायला मी पाठीशी उभी राहीन, पण सांगणार हे नक्की." ती लेकींचे हात धरून निघून गेली.

तो रविवार मी कसा काढला ते विचारू नका. भाजीला फोडणी दोनदा दिली.

सोमवारी सकाळी मळ्यात पोचले. अंगणात डफ वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या. चौरंगावर नथ घातलेली कानबाई टक लावून बघत होती. आणि बाजेवर काजलचा भाऊ बसला होता. त्याच्या मोटरसायकलच्या कॅरियरला बहिणीची पेटी बांधायला दोरी तयार ठेवलेली. म्हणजे सुरेखा बोललीच नव्हती. मी पदर खोचला आणि सरळ घरात शिरले.

देव्हाऱ्यापुढे केशरबाई होत्या. त्यांचे डोळे सुजलेले. समोर दोन्ही सुना. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. आधी काजलला म्हणाल्या, "हात कर." तिच्या तळहातावर त्यांनी तीर्थ घातलं. नुसतं तीर्थ. मग करंड्याशेजारचा पत्रा घेतला, एक पांढरी गोळी काढली आणि सुरेखापुढे धरली.

"ले."

सुरेखाचा हात पुढे होईना.

"ले म्हननू ना! काल बठ्ठी भाऊबंदकीसमोर बोलता उनं, आते हात काबर कापस?" केशरबाईंचा आवाज फाटला. "सव्वा मूठ गहू माणसंस्ना नावना मोजतस. पन रोट तं बाईच करस ना? ती मरी गयी तं कानबाईले काय खावाले घालू मी?"

सुरेखाने गोळी घेतली आणि तिथेच सासूच्या पायांवर कोसळली. काजल भिंतीला टेकून रडत होती. बाहेर डफ वाजतच होता. म्हणजे सुरेखा काल सगळ्यांसमोर बोलली होती. जन्मभर भाषणं दिली मी, चित्रं दाखवली, पत्रकं वाटली. असं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं, आणि ज्या तोंडून ऐकायची मुळीच आशा नव्हती त्या तोंडून ते आलं होतं.

मग केशरबाई माझ्याकडे वळल्या. "आनि तू! तुले माहीत व्हतं. मन्हा हातवर ठेईसन देत व्हती." त्यांनी मला मनसोक्त झापलं. मी झापून घेतलं. काजलच्या भावाला चहा पाजून मोकळ्या हाताने परत पाठवलं. मलाही चहा मिळाला. रोटाचा तुकडा मात्र नाही. देवीचा नियम नर्ससाठी मोडत नाही.

देवी नदीकडे निघाली. सगळ्या बायका पुढे गेल्या. केशरबाई गुडघ्यांमुळे मागे राहिल्या, मी त्यांच्याबरोबर. बांध लागला. मग चालता चालताच म्हणाल्या, "मन्हा पोटले ते दोन आंडोर दिसतस ना तुले? बाकीना बठ्ठा हाई नदीकाठे पुरेल शेतस." बाकीची सगळी मुलं इथे पुरलेली. मी थांबले. त्या थांबल्या नाहीत. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या घरी जात होते, सुनांचं सगळं विचारलं, त्यांचं कधी विचारलं नव्हतं.

थोडं पुढे जाऊन त्या वळल्या. त्या क्षणी त्या खणखणीत बाई दिसत नव्हत्या.

"ताई, एक सांग. मन्हा टाइमले ही गोळी कोठे व्हती?"

पुढे डफ वाजत होता. मी म्हणाले, चला, देवी पोचली असेल.

गोळी तेव्हाही होती. मी नोकरीला लागले, त्याच्या कितीतरी आधीपासून होती. त्याच गावात, त्याच उपकेंद्रात, त्याच लोखंडी कपाटात. हे मला त्यांना सांगता आलं नाही, आणि आजवर सांगितलेलं नाही.